झाडावरचं रानडुक्कर

बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून माझं अंग आंबून गेलंय. म्हणून मेव्हण्याने मला बळेच रानात आणलं. तंबू ठोकताना त्याने दोनदा बोट चेचून घेतलं आणि शेवटी तो मीच ठोकला. सुट्टीतही माझी हातोडी काही सुटली नाही.

उन्हं कलली. मी चहा उकळत ठेवला होता. एकाएकी बायको आणि मेव्हणा, दोघंही मान वर करून झाडांकडे बघायला लागले.

"दाजी, हे काय ओरडतंय हो?" मेव्हणा म्हणाला. "तुम्ही बरोबर ओळखाल."

माझे कान सासरी भलतेच नावाजलेले. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, की कुठलं बेअरिंग गेलंय ते मी सांगणार. कंपनीतही माझा मान आहे तो एवढ्यासाठीच.

मी लक्ष देऊन ऐकलं. काही नाही. चहा उकळताना दिसत होता, तोही मुकाट्याने.

"रानडुक्कर," मी ठोकून दिलं.

"झाडावर?"

मेव्हणा हसला. बायको हसली नाही. "अहो, ते अजून ओरडतंय," ती म्हणाली. "आत्तासुद्धा."

उन्हाळ्यापासून मी हे सोंग वठवत होतो. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, अंदाजाने मान डोलवायची, नको तिथे हसायचं. लिफ्टच्या कामाने हातपाय दुखतात, या सोंगाने मी आतून पार थकलो होतो. आता आणखी एक प्राणी शोधायचं त्राण नव्हतं.

"कसं ओरडतंय?" मी विचारलं.

तिने जरा वेळ ऐकलं. "बारीक. तान्हं बाळ कण्हतंय आणि मध्येच थांबतंय, तसं."

मी चहाखालची आच बंद केली. मंगळवारी प्रसूतिगृहातली सिस्टर अगदी हेच म्हणाली होती. लिफ्ट वर जाताना बाळ कण्हल्यासारखं होतं, एकदा बघाच. मशीन रूममध्ये मी पाच मिनिटं स्क्रूड्रायव्हर कानाला लावून उभा होतो. "सिस्टर, दिवसभर बाळांत असता, तुम्हाला सगळीकडे तीच ऐकू येणार," असं वर तिलाच चिडवलं आणि तपासणीच्या कागदावर 'ठीक' लिहून सही केली. त्या लिफ्टमधून रोज बाळंतिणी वर-खाली जातात. मला स्वतःची लाज वाटली.

टेकाडावर फोनला रेंज होती. धापा टाकत मी चढलो, बायको मागोमाग आली. साहेबांचा नंबर लावून मी फोन तिच्या हातात दिला.

"सांग त्यांना, प्रसूतिगृहाची लिफ्ट आत्ताच्या आत्ता बंद करा. आणि तपासायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

"का म्हणून विचारतील."

"सांग, मला ऐकू येत नाही."

तिने सगळं सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. मग फोनवर हात ठेवून ती माझ्याकडे वळली आणि मला ओठ दिसतील अशा बेताने सावकाश म्हणाली, "साहेब विचारतायत, कधीपासून."

"उन्हाळ्यापासून."

साहेब तिकडे ताटकळत होते. तिने फोन पुन्हा कानाला लावलाच नाही, तशीच माझ्याकडे बघत राहिली.