डाव्या पायाची रेघ

मी एक जुना मॉनिटर आहे. कण्याच्या शस्त्रक्रियेच्या खोलीत उभा असायचो. झोपलेल्या माणसाच्या डोक्याला मी विजेचा बारीक झटका देई. तो मज्जारज्जूतून पायापर्यंत पोचला की पडद्यावर रेघ उठे. रेघ उठली म्हणजे वाट शाबूत. मित्रांनो, तुम्हाला हे एका दमात समजले. सर्जनांना वीस वर्षे पुरली नाहीत.

नवा होतो तेव्हा मला पाहुण्यांना दाखवत. पुढे सर्वांना माझा कंटाळा आला. रेघ पडून मी ओरडलो की तंत्रज्ञ माझ्या पाठीत थाप मारी आणि आवाज बंद करी. हे त्याला आधीच्या तंत्रज्ञाने शिकवले होते. मूर्खपणा तिथे वारशाने मिळे.

एकदा वाकड्या कण्याची सोळा वर्षांची मुलगी आली. तिची आई दारातच म्हणाली, "डॉक्टर, वाकडी असली तरी चालत आलीय. चालतच घरी न्यायचीय मला."

सर्जनांना जखम कोरडी, कमी रक्ताची लागे, म्हणून भूल देणाऱ्या बाईंनी रक्तदाब उतरवला. मज्जारज्जूच्या पुढच्या बाजूला एकच बारीक धमनी असते आणि पाठीच्या मध्यावर तिला दुसऱ्या रक्तवाहिन्यांचा आधार थोडा. दाब आधीच कमी, त्यात सर्जनांनी कण्याला बसवलेल्या सळ्यांनी तो ओढून सरळ केला. रक्त पोचेना. डाव्या पायाची रेघ झोपली. मी ओरडलो.

थाप बसली.

तंत्रज्ञ म्हणाला, वायर सुटली असेल. सर्जन म्हणाले, म्हातारा बरळतोय. अकरा मिनिटे चादरीखाली वायर शोधणे चालले होते. मग उजवी रेघही झोपली.

"सर, दोन्ही पायांच्या वायरी एकदम सुटत नाहीत," बाई म्हणाल्या. "मी दाब वाढवतेय. तुम्ही सळ्या सैल करा."

सर्जनांनी नाक मुरडले, पण सळ्या सैल केल्या. उजवी रेघ पुरी उठली. डावी अर्धीच.

मुलगी सहा आठवड्यांनी चालली, डावे पाऊल फरशीवर घासत. सर्जनांनी आईला सांगितले, अशा शस्त्रक्रियेत होते असे कधीकधी.

"नेमकं केव्हा झालं?" आईने विचारले.

सर्जनांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावले. वेळ माझ्यात नोंदलेली होती, सेकंदासकट. पुढच्याच आठवड्यात मला अडगळीत ढकलले. आता तिथे नवा मॉनिटर आहे. तो हळू आवाजात ओरडतो, म्हणून सर्वांचा लाडका आहे.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका, तिने माझे काही बिघडत नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या त्या खोलीत उभे राहिलात, तर रेघ पडताच आधी माणसाचे रक्त पोचते का बघा. वायर कुठे पळून जात नाही.