अगोदरची बस

"अहो, राहू द्या ती चेन. नाही लागली तर सुतळी बांधीन," बायको म्हणाली.

पण मिस्त्रीने तोवर बॅग मांडीवर घेतली होती. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. बिघडलेली वस्तू समोर आली की त्याचे हात गप्प बसत नसत. त्याने मेणबत्तीचा तुकडा चेनच्या दातांवरून फिरवला, पकडीने जरा दाबून बघितलं, आणि चेन या टोकाची त्या टोकाला सरसर गेली.

"झाली. आता वाटेत दगा देणार नाही."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. "मी कुठं चाललेय ते कळतंय ना तुम्हाला?"

"ताईकडे."

"आणि परत कधी येणार?"

मिस्त्री पकड पुसायला लागला. परत येणार नाही हे तिने परवाच सांगितलं होतं. भांडण नाही, तंटा नाही. ताईच्या गावात कपडे शिवायच्या कारखान्यात तिला काम मिळालं होतं. "तुम्ही राहा म्हणालात तर राहीन," असंही ती म्हणाली होती. "पण तोंडाने म्हणायला हवं. तुमच्या मनातलं ओळखून ओळखून मी दमले." त्यावर तो म्हणाला होता, "तुला बरं वाटेल ते कर." आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तिच्या गुडघ्याच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या घेऊन आला होता.

माणूस वाईट नव्हता. व्यसन नाही, हात उगारणं नाही, आवाज चढवणं नाही. शेजारीण म्हणायची, "तुझा नवरा म्हणजे गरीब गाय गं."

"गाय निदान हंबरते तरी," बायको म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

एकदा मात्र ती हसली नव्हती. पोटातलं मूल गेलं तेव्हा ती दवाखान्यात होती. मिस्त्रीने घरून तिची उशी आणली, कंगवा आणला, गरम पाण्याची पिशवी आणली. सगळं दारापाशी आयाच्या हातात दिलं आणि तिथूनच म्हणाला, "तू आराम कर." ती म्हणाली, "आत या ना." तो म्हणाला, "नको, तुला त्रास." मग घरी जाऊन त्याने मोरीची गळती काढली, खिडकीची बिजागरी बदलली, दिवसभर काही ना काही करत राहिला. त्याच्या लेखी ते रडणंच होतं. पण दवाखान्यात पडलेल्या बाईला ते कसं कळावं?

त्याची आई तो लहान असतानाच गेली. मग मावशीकडे, तिथून काकांकडे, काकांकडून आत्याकडे. प्रत्येक घराचं सुरुवातीला प्रेम उतू जायचं, आणि मग एक दिवस त्याची पिशवी जमिनीवर दिसायची. मावशीकडून निघताना त्याने दाराची चौकट धरून ठेवली होती. मावशीच्या नवऱ्याने एकेक बोट सोडवलं आणि म्हणाला, "कसलं रडवं पोर हे! म्हणून तर कोणी ठेवून घेत नाही." पुढच्या खेपेला काकूचा आवाज बदलला तसा तो उठला आणि आपली पिशवी आपणच भरली. काकू सगळ्यांना सांगत सुटली, "गुणी हो पोर! डोळ्यांत टिपूस नाही." जन्मात पहिल्यांदा त्याला कोणी गुणी म्हटलं होतं. ती गोष्ट त्याच्या हाडात मुरली. जो धरतो त्याला घालवतात, आणि जाणाऱ्याची पिशवी भरून देणं हेच चांगल्या माणसाचं लक्षण, एवढंच तो शिकला.

कामावरही तीच तऱ्हा. लिफ्टचं काम दोघांचं, एक वर, एक खाली. जोडीदाराने खालून "सगळं ठीक, सुरू कर!" म्हटलं, तरी मिस्त्री सगळे मजले उतरून स्वतः बघून यायचा.

"अरे मर्दा," जोडीदार कावायचा, "वहिनी भात शिजला म्हणाली तरी पातेल्यात बोट घालून बघतोस काय?"

शेवटी जोडीदाराने दुसरा सोबती मागून घेतला. मिस्त्री "बरं" म्हणाला, आणि आपली चांगली बॅटरी त्याला देऊन टाकली.

बायकोने त्याला सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराच्या डॉक्टरबाईंकडेही नेलं होतं. बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "लहानपणी धरून ठेवणारं एक तरी माणूस लागतं. ते नाही मिळालं, तर मोठेपणी दुसऱ्याला धरणं जमत नाही. यांच्यात माया नाही असं समजू नका, ताई. माया आहे. पण ती आली की यांना भीती वाटते, आता हेही जाणार. बरं होता येतं. वेळ लागतो." आणि त्याला म्हणाल्या, "रोज घरात एक गोष्ट मागायची. मला अमुक हवं, असं."

संध्याकाळी जेवताना त्याने घसा खाकरला. "मला मीठ हवंय."

बायको खो खो हसली. तोही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने टॉवेल मागितला. त्यापुढे गाडी सरकली नाही. बाईंनी पुन्हा बोलावलं त्या दिवशी त्याने जादा काम मागून घेतलं.

घरातून निघून दोघं बसस्टँडवर आली, तेव्हा ताईच्या गावची बस तासभर उशिरा असल्याचं कळलं. बाकावर एक म्हातारी गाठोडं घेऊन त्याच बससाठी बसली होती.

"बरं झालं," बायको म्हणाली. "बसा. तासभर तरी बसा माझ्याजवळ."

तो बसला. तिने आपला हात बाकावर, त्याच्या हाताशेजारी ठेवला. शिवणकामाने तिची बोटं खरखरीत झाली होती. ती हळूच म्हणाली, "अजून वेळ आहे हो."

मिस्त्रीला कळत होतं. तो काही दगड नव्हता. 'राहा' एवढाच शब्द. तो पोटातून वर आला, आणि दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकावी तसा गळ्यात अडकला. ना वर, ना खाली. तेवढ्यात बायकोने गुडघा चोळला.

"दुखतोय?"

"बसून बसून दुखणारच. जाऊ द्या ते."

"आलोच," म्हणून तो उठला.

मग त्याची जी धावपळ सुरू झाली! चौकशीच्या खिडकीशी गेला, दोन कंडक्टरांना विचारलं, आवाराच्या पार मागच्या टोकापर्यंत जाऊन आला. परत आला तेव्हा घामाने भिजलेला आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"चल, चल! लांबच्या रस्त्याने जाणारी एक आहे. आत्ता सुटतेय. एकच जागा उरली होती, ती धरून आलोय. तासभर ताटकळायला नको."

बॅग त्याने उचललीसुद्धा होती.

"नशीब काढलंत हो बाई," म्हातारी म्हणाली. "आमचे हे असते तर पेपर वाचत बसले असते."

बायकोने मिस्त्रीकडे बघितलं. रागाने नाही. विझलेल्या चुलीत एखादा निखारा आहे का बघावा, तसं बघितलं. मग पदर नीट करून उठली.

"चला."

त्याने बॅग वरच्या फळीवर ठेवली, हलवून बघितली. खिडकी अडकली होती, ती मोकळी करून दिली. पाण्याची बाटली दिली. गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत ते सांगितलं. खाली उतरला तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "अहो."

"काय गं?"

इंजिन सुरू झालं.

"जेवत जा वेळेवर," ती म्हणाली.

बस फाटकाबाहेर वळली, आणि तेव्हा कुठे मिस्त्रीच्या ध्यानात आलं की तो तास तिला नको नव्हता. तो एक तास तेवढा तिला हवा होता.

तो बाकाकडे परत आला.

"तुम्ही गेला नाहीत घरी?" म्हातारीने विचारलं.

"नाही."

"आता कोणाची वाट बघताय?"

"त्या उशिराच्या बसची."

"अहो, पण बाई तर गेल्या!"

"हो," मिस्त्री म्हणाला.

म्हातारीने गाठोडं जवळ ओढून घेतलं. दोघं बसून राहिली. ऊन बाकावरून सरकत पायांपाशी गेलं. पुढे बस आली, माणसं चढली. कंडक्टरने दारातून हाक मारली, "काका, येताय का? एक खिडकीची जागा आहे!"

मिस्त्री उठून दारापर्यंत गेला. म्हातारीला पायरी चढवेना, म्हणून तिचं गाठोडं त्याने वर दिलं, कोपराला धरून तिला चढवलं. "सावकाश," म्हणाला. आणि मागे सरून दार लागू दिलं.

बस गेल्यावर बाकडं अख्खं रिकामं होतं. तो जाऊन अगदी कडेला बसला, शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून.