उतरत्या बाजूचा माणूस

"माझ्या मिक्सरमधून परत भुसा काढलात ना?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. मिस्त्रींनी ऐकलंच नाही असं केलं. करवतीचा खरा भुसा टेबलावर टाकला तर खडीसारखा दिसतो, हे या बाईला किती वेळा सांगायचं? मालगाडीची घराएवढी वाघीण वीतभर करायची तर भुसाही त्याच मापात बारीक नको? चहाच्या गाळणीतून तो त्यांनी करवतीच्या पात्याखाली शिंपडला आणि वर पातळ डिंकाचे थेंब सोडले.

खोलीची निम्मी जागा त्या टेबलाने खाल्ली होती. वाळक्या डहाळ्यांच्या जंगलातून रूळ वळत वळत लाकडाच्या वखारीत उतरत होते. छोटं इंजिन सहा वाघिणी ओढत आणायचं. त्यांवरच्या ओंडक्यांची साल तशीच होती, टोकं तेवढी ताजी कापलेली. खरी वखार केव्हाच जमीनदोस्त झाली होती, म्हणून निवृत्त झाल्यावर तीन वर्षं खपून मिस्त्रींनी ती घरात उभी केली. पाहायला येणारे तोंडभर कौतुक करत. लंबूला कुठे उभं करायचं यावर मात्र गाडी अडली होती.

लंबू म्हणजे त्यांचा जोडीदार. एकतीस वर्षांपूर्वी वाघीण रिकामी करताना ओंडक्यांखाली सापडला आणि जागीच गेला. ओंडके खाली येतात त्या उतरत्या बाजूला तो विनाकारण उभा होता, स्वतःच्या हलगर्जीपणाने मेला, असं चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं. खाली साक्षीदार म्हणून मिस्त्रींची सही होती. लंबूच्या बायकोने कागदावरचं मुकाट्याने खरं मानलं. मुलाला वाढवताना ऊठसूट बजावत राहिली, "बापासारखा बेसावध राहू नकोस." तो मुलगा आता चाळिशीला आला, तरी बापाचा विषय निघाला की उठून जातो. आणि हे सगळं पाहत मिस्त्रींनी मिठाची गुळणी धरली होती.

आज वहिनी, म्हणजे लंबूची बायको, येणार होत्या. लाकडात कोरलेला, इतरांपेक्षा नखभर उंच माणूस मिस्त्रींच्या मुठीत होता. चहाच्या टपरीपाशी ठेवला असता तर कुणी काही विचारलं नसतं. सकाळपासून दोनदा त्यांनी तो तिथे ठेवला आणि दोनदा उचलला. भेकडपणालाही काही सीमा असते.

वहिनी आल्या, चष्मा पुसून टेबलावर वाकल्या. त्यांनी फाटक ओळखलं, मुकादमाची खोली ओळखली, डबा द्यायला यायच्या ती पायवाटही ओळखली. मग हळूच विचारलं, "भावजी, हे कुठं आहेत यात?"

मिस्त्रींनी मूठ उघडली आणि लंबूला वाघिणीच्या उतरत्या बाजूला, तिरक्या बल्ल्यांपाशी उभं केलं.

"इथं?" वहिनींचा चेहरा उतरला. "चूक झाली त्यांची, पण ती अशी मांडून दाखवायची?"

"त्याची चूक नव्हती, वहिनी. ओंडके ज्यांवरून घरंगळतात त्या बल्ल्या लावणारा तिथंच उभा असतो. लावून झाल्या की तो बाहेर येतो आणि हाळी देतो. ती ऐकल्यावरच पलीकडच्याने ओंडके आवळणाऱ्या साखळीची खिटी काढायची."

"मग त्या दिवशी?"

"हाळी आलीच नव्हती. सुटायची वेळ झालेली. मला वाटलं, झालं असेल त्याचं. खिटी मी काढली." मिस्त्रींनी बोटाने वाघिणीची पलीकडची बाजू दाखवली. "नोकरी जाईल म्हणून भ्यालो. कागदावर सही केली."

दारात मिस्त्रींची बायको चहाचा ट्रे धरून थिजली होती. तिलाही हे आजच कळत होतं.

वहिनींनी त्या लाकडी माणसाच्या डोक्यावर बोट टेकवलं. रडल्या नाहीत. मिस्त्रींना वाटलं, त्यांनी रडावं, शिव्या द्याव्यात, टेबल उलथून टाकावं, म्हणजे सुटलो.

"म्हणजे ते त्यांच्या जागेवरच होते," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी पोराच्या कानी काय काय घातलं, भावजी."

मिस्त्रींनी हात जोडले. वहिनींनी तिकडे पाहिलं नाही.

"रविवारी त्याला घेऊन येते. आत्ता मला सांगितलंत तसंच त्याला सांगायचं, एक शब्द कमी नको." पिशवी उचलून त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि यात तुम्ही कुठं दिसला नाहीत. तोवर स्वतःलाही करून ठेवा."

चहा निवून गेला. ट्रे खाली ठेवून बायकोने खिडकी पूर्ण उघडली, कारण मिस्त्रींना अलीकडे बारीक काम उजेडाशिवाय दिसत नसे. मिस्त्रींनी लाकडाचा एक तुकडा घेतला आणि तासायला बसले. सगळ्यात आधी त्यांनी हात कोरला, खिटीपर्यंत पोचेल असा.