बाजाराचा दिवस नव्हता

माही सून रुख्मिणी सकाळपासून बाळंतपणात अडली होती. तिले कारंज्याच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून आमी बाज उचलून रुळापाशी आणली.

झेंडीवाला जगदेव म्हणे, “आवडाबाई, हे ठेसन नाही, हॉल्ट हाये. ठेसनावर गाडी रोज थांबते, इथं फक्त बाजाराच्या दिवशी.”

“मंग लाल झेंडी दाखव.”

“लाल म्हंजे धोका. उगाच दाखवली तं माही नोकरी जाईन.”

“बस मंग नोकरी कवटाळून,” म्हटलं. रुख्मिणीच्या अंगाखालचं भिजलेलं धोतर ओढलं अन् रुळात उभी राहून हालवत राह्यली. गाडी हातभरावर येऊन थांबली.

डायवर उतरून खेकसला, “कुठी हाये धोका?”

मी धोतर त्याच्या हातात देल्लं.

“सकाळी पांढरं होतं,” म्हटलं.