चारही अठ्ठ्या

शिडीवरून पडून रंगाऱ्याने दोन्ही मनगटं एकदम मोडून घेतली. नाक खाजलं तरी बायकोला हाक. पण रविवार दुपारचा पत्त्यांचा डाव सोडायला गडी तयार नव्हता.

"तू नुसती पानं धर. डोकं माझं."

"ते डोकं दर रविवारी हरून येतं," बायको म्हणाली. ती शिवणकाम करायची. डावात पैशांऐवजी बटणं लावत, तीही तिच्याच डब्यातली.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. खेळाचं नाव सेव्हन कार्ड स्टड. प्रत्येकाला आधी दोन पानं झाकून, एक उघडं. मग एकेक करत आणखी तीन उघडी, आणि सातवं पुन्हा झाकून. दर फेरीला बटणं लावायची, नाहीतर पानं टाकून गप्प बसायचं. शेवटी सातांतली बरी पाच निवडायची. जोडीपेक्षा तीन सारखी मोठी, त्यापेक्षा सिक्वेन्स, म्हणजे ओळीने पाच, त्याहून एका रंगाची पाच, म्हणजे पाचही बदाम किंवा पाचही इस्पिक.

"आणि दुसऱ्यांची उघडी पानं ध्यानात ठेव, टाकलेलीसुद्धा. अर्धा खेळ तिथंच आहे."

डाव बसायचा घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळकाकांच्या बंद दुकानामागच्या खोलीत. हात थरथरू लागल्यावर काकांनी दुकान बंद केलं होतं. रंगाऱ्याला आणि त्याच्या बस ड्रायव्हर मित्राला हा खेळ पोरवयात त्यांनीच शिकवला होता. पत्ते अजूनही तेच वाटत, सावकाश, जिभेचं टोक दातांत धरून.

पहिल्याच दुपारी तिच्या हातात तीन अठ्ठ्या आल्या. काकांसमोर छक्की, सत्ती, नव्वी, दश्शी उघडी. काकांनी मूठभर बटणं पुढे सरकवली.

"टाक पानं," रंगारी कानात पुटपुटला.

तिने टाकली. पण घरी त्याला भरवताना घास हवेतच थांबला. "अहो, काकांना सिक्वेन्ससाठी अठ्ठीच हवी होती ना? तीन माझ्याकडे होत्या. चौथी ड्रायव्हरभावोजींनी टाकलेल्या पानांत होती."

रंगारी खिडकीबाहेर बघू लागला.

"म्हणजे मुद्दाम हरता?"

"दुकान गेलं त्यांचं. एवढं तरी जिंकू दे म्हाताऱ्याला. ड्रायव्हरही तेच करतो. आता घास दे."

तिने दिला. त्या रात्री त्याला दोन पोळ्या जास्तच भरवल्या.

पुढच्या रविवारी काकांसमोर दोन राजे उघडे पडले. ड्रायव्हरने भोळा चेहरा करून पानं टाकली. रंगाऱ्याने टेबलाखाली प्लास्टर तिच्या गुडघ्यावर आपटलं. तिच्याकडे पाच बदाम जमले होते. पानं टाकायला हात उचलला, पण तिला वाटलं, हा म्हातारा इतका विचार करून बटणं लावतोय आणि आपण त्याला खोटंच जिंकवायचं?

"बघू तुमची पानं, काका," ती म्हणाली आणि बटणं पुढे सरकवली.

काकांकडे राजांची जोडी आणि पंज्यांची जोडी. तिने बदाम मांडले. रंगाऱ्याने डोळे मिटून घेतले. काकांनी एकेका बदामावर थरथरतं बोट ठेवून पाहिलं आणि ठसका लागेपर्यंत हसले.

"हरलो! अरे, किती दिवसांनी हरलो!"

"काका, तसं नाही..." ड्रायव्हर चाचरला.

"गप रे. हात थरथरतात, डोकं नाही. चांगली पानं टाकताना तुम्हा दोघांची तोंडं कशी होतात, मला दिसत नाही? म्हटलं, पोरांना त्यात बरं वाटतंय, तर जिंकू आपण." त्यांनी डोळे पुसले. "सूनबाई, वाट पत्ते."

प्लास्टर निघाल्यावर रंगारी म्हणाला, आता माझी पानं मीच धरतो. काकांनी डावातल्या चौथ्या गड्यासाठी खुर्ची ओढली. "धर की. सूनबाई तिची धरेल."

त्या दुपारी काकांनी तिघांनाही धुऊन काढलं. आणि घर येईपर्यंत रंगारी बायकोशी भांडत होता, की या वेळी तो मुद्दाम हरला नव्हता, खरोखरच हरला होता.