सात गुहांचे बूट

वाळवंटात जायचं ठरलं ते गेल्या वर्षी थंडीत. कधी जायचं हे ठरायला पुढचे अकरा महिने लागले. आमच्याकडे कुठलंही काम नुसतं करत नाहीत, आधी त्याचं नियोजन करतात, आणि नियोजन भाऊजी करतात.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फरश्यांच्या एका मोठ्या शोरूममध्ये ते विक्रीप्रमुख आहेत. बाथरूममध्ये कुठल्या फरशीवरून पाय घसरत नाही हे त्यांना कळतं, आणि त्या जोरावर जगातलं बाकी सगळंही कळतं. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना 'नकाशा' म्हणतो. रस्ता विचारायचा अवकाश, ते कागद मागतात, पेन काढतात, बाण काढून दाखवतात, आणि विचारणारा हमखास चुकतो.

माझा नवरा बस डेपोत वेळापत्रकं बनवतो. एकशे चाळीस बस रोज कुठून किती वाजता सुटतील, कुठल्या ड्रायव्हरला कुठे जेवायला वेळ मिळेल, हे तो ठरवतो. अशा माणसाला चौघांच्या सहलीचं नियोजन झेपायचं नाही, हे भाऊजींनी पहिल्याच बैठकीत ओळखलं. "तुम्ही फक्त बॅगा भरा," ते म्हणाले.

खरं तर ही कल्पना होती ताईची. ती डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिथल्या एका जुन्या मासिकात तिने फोटो पाहिला. वाळवंटातलं एक राष्ट्रीय उद्यान. वर पांढरट वाळू, काटेरी झुडपं, मिठाचा थर धरलेलं कोरडं तळं. आणि त्या सगळ्याच्या खाली गुहा. छतावरून लोंबणारे दगडी सुळके, जमिनीतून वर आलेले खांब, आणि मध्ये कुठेतरी मुंगीएवढी माणसं. ताईने ते पान फाडून घरी आणलं. दवाखान्यातली टाचणीसुद्धा घरी न आणणारी बाई ती. "मला हे बघायचंय," एवढंच म्हणाली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही, म्हणून भाऊजींनी ते मनावर घेतलं. वाईट इतकंच की ते एखादी गोष्ट मनावर घेतात म्हणजे हातात घेतात.

दर रविवारी सकाळी ताईकडे बैठक सुरू झाली. पाणी माणशी किती लिटर, यात दोन रविवार गेले. टोपीचा काठ किती रुंद असावा, यात तीन. मग होकायंत्र निघालं.

"वाळवंटात दिशा कळत नाही," भाऊजी म्हणाले.

"पण तिथपर्यंत डांबरी रस्ता आहे. पाट्याही आहेत," माझा नवरा म्हणाला.

"माणसं डांबरी रस्त्यावरच जास्त हरवतात."

हे कुठे सिद्ध झालं, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर पेन निघालं असतं.

पण खरा रंग चढायचा तो गुहेचा विषय निघाला की. गुहा म्हणजे भाऊजींचं माहेर. तरुणपणी त्यांनी सात गुहा पालथ्या घातल्या होत्या. त्याचा पुरावा म्हणजे एक जोड बूट. फरशीच्या नमुन्यांच्या खोक्यात ते जपून ठेवलेले असायचे. बैठकीत एकदा तरी खोकं उघडायचं, तळव्यांवरचा वाळलेला गाळ आम्हाला दाखवायचा आणि झाकण लावायचं. गाळ पुसायला ताईला सक्त मनाई होती. "एका गुहेत तर तीन तास होतो," ते सांगायचे. "बाकीचे बाहेर आले तेव्हा पांढरेफटक पडलेले. मी जसाच्या तसा."

ताई मन लावून ऐकायची. रोज सकाळी भिंतीला पाठ लावून गुडघ्यांचे व्यायाम करू लागली होती, कारण गुहेत शेवटी काही अंतर रांगत जायचं होतं आणि भाऊजींना मागे वळून तिच्यासाठी थांबावं लागू नये, अशी तिची इच्छा होती.

नवव्या महिन्यात माझ्या नवऱ्याने घसा खाकरला. "गुहेत आपलं आपण जाता येत नाही. वीस-वीस जणांच्या तुकड्या सोडतात, बरोबर वाटाड्या असतो. बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला."

"वाळवंटात कोण मरायला येतंय? दारात उभं राहू आणि तिकीट घेऊ."

माझ्या नवऱ्याने वाद घातला नाही. डेपोत पंचवीस वर्षं काढलेला माणूस वाद घालत नाही, गजर लावतो.

बुकिंग उघडायच्या दिवशी सकाळी पावणेआठला ताई आमच्याकडे आली. भाऊजीही आले, देखरेखीला. आठ वाजून दोन मिनिटांनी वीसपैकी सहा जागा उरल्या होत्या. चार आमच्यासाठी अडकवून ठेवल्या गेल्या आणि कोपऱ्यात पंधरा मिनिटांचं घड्याळ उलटं धावायला लागलं. तेवढ्यात प्रत्येकाचा फॉर्म भरायचा होता. ताई टाइप करायला बसली.

फॉर्ममध्ये वटवाघळांचा प्रश्न होता. गुहांतल्या वटवाघळांना म्हणे एक बुरशी लागते आणि माणसं ती बुटांबरोबर एका गुहेतून दुसरीत नेतात. म्हणून विचारलं होतं: तुम्ही आणणार असलेले बूट, कपडे किंवा कॅमेरा आधी कुठल्या गुहेत गेले आहेत का? गेले असल्यास गुहेचं नाव आणि साल लिहा. आमचे अधिकारी फोन करतील.

आमची तिघांची उत्तरं झटपट 'नाही' झाली.

"अहो, आता तुमचं. सात नावं सांगा," ताई म्हणाली.

भाऊजी खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघत होते. त्या टाकीत इतकं बघण्यासारखं काय आहे, ते मला पंधरा वर्षांत कळलं नव्हतं.

"सातही?"

"खाली 'आणखी जोडा' असं बटण आहे. हवी तितकी भरता येतात," माझा नवरा म्हणाला. त्याच्या मनात काहीही नव्हतं. तो खरोखरच मदत करत होता.

"पहिली ती, डोंगरातली."

"नाव?"

"तिथले लोक तिला नुसतं गुहाच म्हणतात."

ताईने 'गुहा' असं टाइप केलं. "दुसरी?"

"दुसरी तिच्या शेजारची."

ताईने 'शेजारची गुहा' टाइप केलं आणि मान वर केली. "साल?"

"सात मिनिटं राहिली," माझा नवरा म्हणाला.

भाऊजी वळले. चेहऱ्यावर अचानक तेज आलं होतं. "मुळात मी अपात्रच आहे. सात गुहांची बुरशी माझ्याबरोबर असणार. माझ्या हौसेपायी त्या मुक्या जिवांचे प्राण कशाला घ्यायचे? तुम्ही तिघं जा. नियम म्हणजे नियम."

"नाही, नाही," माझ्या नवऱ्याने पडद्यावर बोट ठेवलं. "माणसाला बंदी नाहीये, बुटांना आहे. नवे बूट घेतले की तुम्ही येऊ शकता."

त्यागाचं तेज ओसरायला फार वेळ लागला नाही. दोन मिनिटं उरली तेव्हा मीच म्हणाले, "ताई, सध्या 'हो' लिहून टाक, बाकीचं ते फोनवर सांगतील." तिकिटं मिळाली. भाऊजींनी चहा अर्धाच घेतला.

चार दिवसांनी दुपारी ते माझ्या कामाच्या जागी आले. मी कवळ्या बनवते. दंतवैद्य मापं पाठवतात, मी प्लास्टरचा साचा ओतते, मेणात दात बसवते, घासून चकचकीत करते. तिथे नातेवाईक सहसा येत नाहीत. चारी बाजूंनी जबडे हसत असतात, माणसाला अवघडल्यासारखं होतं. भाऊजी स्टुलावर बसले आणि समोरचा एक खालचा जबडा उचलून हातात फिरवू लागले.

"फोन आला होता," ते म्हणाले. "उद्यानातून. कुणी बाई होत्या. फार सभ्य."

"मग?"

"एकेका गुहेचं नाव विचारत होत्या. मी म्हटलं, आठवत नाही. त्या म्हणाल्या, घाई नाही, मी थांबते." त्यांनी जबडा उलटा केला. "मग मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"की मी कुठल्याच गुहेत गेलेलो नाही."

माझ्या हातातली कानस थांबली.

"कॉलेजात असताना मित्रांबरोबर एकीच्या तोंडापर्यंत गेलो होतो. ते सगळे आत गेले. माझ्याच्याने पाऊल पुढे पडेना. छाती भरून आली, कानात शिट्ट्या वाजायला लागल्या. तीन तास होतो ते खरं आहे. बाहेर होतो. सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत."

"आणि बूट?"

"जुन्या बाजारातले. गाळ आधीपासूनच होता."

पंधरा वर्षं ज्या घटकेची वाट पाहिली ती समोर येऊन बसली होती, आणि मला हसूच येईना. जबडा अजून त्यांच्या हातात फिरत होता. "तो ठेवा खाली," मी म्हणाले. "ज्यांचा तो जबडा आहे त्या बाई गुरुवारी दंतवैद्याकडे यायच्या आहेत."

त्यांनी जबडा जपून ठेवला. "आता पुढचं ऐक. मी असं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग फारच छान, तुमचं उत्तर 'नाही' करून टाकते, आता काहीच अडचण नाही."

म्हणजे खोटं बोलून ते निम्मे अपात्र तरी होते, खरं बोलून पूर्ण पात्र झाले. चौघांत सर्वांत स्वच्छ माणूस. गुहेचा वाराही न लागलेला.

"शोरूमच्या तळघरात आमचं गोदाम आहे," ते म्हणाले. "बारा वर्षं झाली, मी तिथे उतरलेलो नाही. कुणालातरी पाठवतो. तू तिला सांगशील का? तुझं ती ऐकते."

"मी नाही सांगणार."

"का?"

"कारण ती विचारेल, त्यांनी स्वतः का नाही सांगितलं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दाखवायचे दात बनवणं हा माझा धंदा आहे भाऊजी, पण तो ह्या टेबलापुरता."

ते उठून गेले, जिना उतरून. लिफ्ट चालू होती. ते सगळीकडे जिन्यानेच जातात. व्यायाम म्हणून, असं आम्ही समजत होतो.

रविवारी बैठक भरली. भाऊजींनी सुरुवात जोरात केली. प्रत्येक मोहिमेला एक तळ असतो. तळ कच्चा राहिला की मोहीम फसते. म्हणून तळावर जाणता माणूस हवा. बाहेर गाडी, पाणी, सामान, संपर्क...

ताईने ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही आत येणार नाही."

"तसं नाही, एकूण विचार करता..."

"येणार का नाही?"

"नाही."

"का?"

माझा नवरा टेबलाच्या लाकडातल्या रेषा मोजू लागला. भाऊजींनी एकदा माझ्याकडे बघून घेतलं आणि ते म्हणाले, "मला भीती वाटते. कधी गेलोच नाही मी कुठल्या गुहेत." अकरा महिन्यांच्या बैठकांत हाती लागलेली ही पहिली उपयोगी माहिती.

मला वाटलं ताई म्हणेल, मला माहीतच होतं. बायका असं म्हणतात, आणि नवऱ्यांची सुटका होते. पण तिला माहीत नव्हतं. तिचा चेहरा लाल झाला. "भीती वाटते तर वाटू दे, भीतीचं काही नाही," ती म्हणाली. "मी तीन महिने भिंतीला टेकून उठाबशा काढतेय. कशासाठी? तुम्हाला माझ्यासाठी थांबायला लागू नये म्हणून. बाहेर थांबणाऱ्या माणसाला."

ताईने बुटांचं खोकं उचललं, दाराबाहेर नेऊन ठेवलं आणि हात धुऊन परत आली. मग माझ्या नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही काही लिहून ठेवलंय का?"

त्याने शर्टाच्या खिशातून आठ घड्या घातलेला कागद काढला. निघायची वेळ, पेट्रोल, जेवण, मुक्काम, गुहेची तुकडी, परतीचा रस्ता. एका बाजूला सगळं मावलं होतं. वाचून व्हायला सात मिनिटं लागली. ताईने एक बदल सुचवला, तो त्याने लगेच करून दिला. त्यानंतर बैठकीत करायला काही उरलं नाही, म्हणून आम्ही घरी गेलो. ताई आणि भाऊजी पुढचे दहा-बारा दिवस फक्त भाजी आणि विजेचं बिल एवढ्यावरच बोलत होते, असं तिनेच मला सांगितलं.

गेलो मात्र चौघंही. सकाळच्या तुकडीत आम्ही तिघं आत उतरलो, रांगलो, धडपडलो आणि दीड तासाने बाहेर आलो. भाऊजी पत्र्याच्या शेडखाली बसले होते. ताई सरळ तिकिटांच्या खिडकीपाशी गेली, भाऊजींच्या न वापरलेल्या तिकिटाची वेळ बदलून मागितली आणि दुपारच्या तुकडीबरोबर एकटी पुन्हा आत गेली. कुणाला विचारलं नाही.

आम्ही तिघं शेडखाली बसून राहिलो. समोर वाळू तापली होती, झुडपांची सावली झुडपांनाच पुरत नव्हती. मग भाऊजी माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आत नेमकं कसं आहे?"

माझ्या नवऱ्याने त्यांच्याकडे बघितलं, थट्टा तर नाही ना म्हणून. मग पहिल्या पायरीपासून सांगायला लागला. किती पायऱ्या, कठडा कुठे सुटतो, गारवा कितव्या वळणापासून लागतो, पाणी कुठे टपकतं. त्याला कंटाळवाणं न करता काही सांगता येत नाही. भाऊजी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. ताई किती वाजता वर येईल, हे त्यांनी मध्ये एकदा विचारलं. त्याने घड्याळ बघितलं, "चार वाजून दहा मिनिटांनी," म्हणाला, आणि पुढे सांगू लागला.