चंद्रावरचा टोफू

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी लेखणी आहे. शाई मला कधी लागली नाही. खरबरीत पोलादी पाटीवर मेणकागद ठेवून माझ्या टोकानं अक्षरं कोरायची. वरून शाईचा रूळ फिरला, की खाली पान छापलं जाई. तोक्योत शिवणकाम करणाऱ्या फुमिएच्या हातात माझं आयुष्य झिजलं.

युद्ध संपून तेरा वर्षं झाली होती. तिचा धाकटा भाऊ कियोताका दिवसभर औषधाच्या दुकानात असे आणि उरलेला वेळ चंद्रावर. विज्ञानकथा छापणारा प्रकाशक बुडतो, अशी तेव्हा बोलवा होती. म्हणून त्यानं सहा मित्रांसह स्वतःचंच मासिक काढलं; पानं कोरायला ताई होतीच. प्रती पन्नास, वाचक सात, उरलेले नातेवाईक.

तिसरा अंक एका मोठ्या संपादकाकडे जायचा होता. कियोताकाची सगळी भिस्त त्यावर. त्याच्या कथेत एक यंत्रमानव चंद्रावर चाळीस वर्षं मुलं सांभाळतो, थकतो आणि भट्टीत टाकला जातो. समाप्त.

फुमिएचा हात थांबला. "कुणी दोन शब्दही बोलत नाही?"

"यंत्र आहे ते, ताई. तू कोर. उद्या छापायचंय."

आमच्याकडे फेब्रुवारीच्या आठ तारखेला बायका मोडक्या सुया देवळात नेऊन सोयाबीनच्या मऊ टोफूत खोचतात. जन्मभर जाडंभरडं टोचलं, शेवटी तरी मऊ जागा मिळावी. भाऊ घाईत हे विसरला असणार, असं समजून फुमिएनं चार ओळी वाढवल्या: मुलांनी यंत्रमानवाचा एक खिळा टोफूत ठेवला आणि माना लववल्या.

रूळ फिरवणारा कधी वाचत नाही. पन्नास प्रती छापून झाल्या, मित्र घड्या घालायला बसले, तेव्हा कियोताकाचा चेहरा उतरला.

"ताई, चंद्रावर टोफू कुठून आला?"

"तुझा यंत्रमानव आला तिथूनच."

तिथं सोयाबीन उगवेल का, यावर दोन मित्र तासभर भांडले. ते गप्प झाल्यावर फुमिए हळूच म्हणाली, "बॉम्बच्या आगीत बाबा गेले, तेव्हा निरोप द्यायला काही उरलंच नव्हतं. पुन्हा भट्टीवरच संपवणं माझ्या हातून होईना."

कियोताकानं अंक तसाच पाठवला. संपादकाचं उत्तर आलं: कथा चांगली आहे, टोफू काढल्यास छापू. त्यानं टोफू काढला नाही. कथा छापली गेली नाही.

पुढच्या फेब्रुवारीत माझं टोक मोडलं. मला देवळात तोच घेऊन गेला.

"यंत्र आहे ते," फुमिए म्हणाली.

"हो," म्हणत त्यानं मला टोफूत खोचलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

आता मी देवळाच्या आवारात, सुयांच्या समाधीखाली आहे. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्याहून हुशार यंत्रं येतील, आणि तीही मोडतील. टोफू नसला तरी चालेल. टाकण्याआधी दोन शब्द बोला.